हारामागचा माणूस

गुणवंत देवस्थळी मेला त्याला दीड वर्ष होत आलं होतं, आणि तब्येत एकदम ठणठणीत होती.

मेला म्हणजे असा मेला. नोएडाच्या फिल्म सिटीत, एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर तो सिरियल जोडायचा. कॅमेरावाले दिवसभर जे तुकडे शूट करून आणायचे ते कापायचे, शिवायचे आणि रोज साडेसातला बावीस मिनिटांचं एक घर उभं करायचं, ही त्याची नोकरी. सिरियल हिंदी, सुना तीन, जिना एक, आणि त्या जिन्यावरून रोज कोणीतरी कोणाचं तरी बोलणं चोरून ऐकणार. या घराचे थोरले बाबूजी गोष्ट सुरू व्हायच्या आधीच देवाघरी गेलेले. म्हणजे हॉलमध्ये हार घातलेला फोटो पाहिजे. पण एकही ॲक्टर फोटो द्यायला तयार होईना. जो पडद्यावर तीनदा मेला होता, एकदा तर ट्रकखाली, तोही म्हणाला, "मर जाऊंगा जी, पर हार वाली फोटो नहीं दूंगा. अपशकुन होता है."

प्रोड्युसर भसीनसाहेब वैतागले. "अरे यार, किसी का भी लगा दो!"

गुणवंतने पाकिटातून पासपोर्ट साइज काढला. "मेरा लगा दो."

आर्टवाल्यांनी फोटो मोठा केला, कानाजवळ पांढरे केस रंगवले, चंदनी हार घातला, खाली दिवा लावला. आख्खी बिल्डिंग दोन दिवस हसली. गुणवंत तिसऱ्या दिवशीही हसत होता. खोड्या काढायची त्याला जुनीच खोड. एका बिदाईच्या सीनमध्ये सासूच्या हुंदक्याच्या जागी त्याने भसीनसाहेबांची शिंक चिकटवली होती. देशभर गेली ती शिंक, लोक रडले.

पण हा फोटो पुढे फारच कामाचा निघाला. सिरियलमध्ये काय असतं, एक वाक्य बोललं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे दाखवायचे. मोठी सून, ढॅण. मधली सून, ढॅण. आजी, ढॅण ढॅण. आता चेहरे कमी पडले, एखादी ॲक्ट्रेस त्या दिवशी आलीच नाही, की गुणवंत बाबूजींवर कट मारायचा. सून खोटं बोलली आणि लगेच फोटो दाखवला, तर बाबूजी चिडलेत. सुनेला दिवस गेले आणि फोटो दाखवला, तर बाबूजी आशीर्वाद देतायत. दिव्याची ज्योत जरा हलवली, तर बाबूजी सांगतायत, पोरी, सांभाळ. फोटो तोच! सेक्टर अठराच्या स्टुडिओत उपाशीपोटी काढलेला, भूक लागलेल्या माणसाचा चेहरा. मागेपुढे काय लावलंय त्यावरून बघणारे ठरवायचे, की हा माणूस आत्ता मायेने बघतोय का रागाने.

आठवड्याला वीस-वीस वेळा गुणवंत स्वतःच्या मेलेल्या तोंडावर झूम मारायचा. मग रिक्षाने सेक्टर एकोणतीसला, आपल्या फ्लॅटवर यायचा, आणि तिथे त्याच्यावर कोणीच झूम मारायचं नाही.

फ्लॅट तीन खोल्यांचा. बायको, प्रमोदिनी, केंद्र सरकारच्या खाण खात्यात. सरकारी क्वार्टर सोडून दोघांनी हौसेने इकडे घर घेतलं तेव्हा आजूबाजूला मोहरीची शेतं होती. दोन वर्षांपूर्वी तिला प्रमोशन आलं, पण नागपूरचं. ती गेली. मुलगी स्वरूपा कॉलेज जवळ पडतं म्हणून दिल्लीत मुनिरक्याला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहिली. उरला गुणवंत. तो कढईतच मॅगी करायचा आणि कढईतूनच खायचा, ओट्याशी उभा राहून. टेबल होतं, पण टेबलावर बसलं की समोरची खुर्ची दिसते.

दर रविवारी अकराला नागपूरचा फोन. "जेवण?" "झालं." "गॅस आला?" "आला." "बरं." "बरं." प्रमोदिनीने पहिल्यांदा टीव्हीवर तो फोटो पाहिला त्या रविवारी एक वाक्य जास्त बोलली होती. "अहो, तो फोटो काढायला सांगा. बरं दिसत नाही." त्यावर हा म्हणाला, "का? हार शोभत नाही का मला?" ती म्हणाली, "बरं." संपलं. या दोन वर्षांत गुणवंत एकदाही नागपूरला गेला नव्हता. विचारलं की म्हणायचा, डेली सोप आहे, सुट्टी कुठली. ती दोनदा आली होती, दोन्ही वेळा हिवाळ्याचे कपडे न्यायला.

जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या शनिवारी, स्वरूपा नागपूरहून परतली ती थेट नोएडाला आली. हातात तिळगुळाचा डबा.

"बाबा, आईने पाठवलाय. खा, पण दात सांभाळ, एकदम पत्थर आहे."

"तुझ्या आईचा पाक नेहमी पुढे जातो," गुणवंत म्हणाला आणि तोंडात टाकला. "कशी आहे?"

"मस्त. अच्छा सुन, एक विचारायचं होतं. वारले म्हणजे एक्झॅक्टली काय?"

"काय?"

"वारले. मराठी वर्ड. आईच्या लँडलेडी आहेत ना, हेमलता आंटी, त्यांनी मला विचारलं, 'बाबा कधी वारले?'"

गुणवंतचं चावणं थांबलं. "कशावरून विचारलं?"

स्वरूपा पाय वर घेऊन सोफ्यावर बसली. "अरे, आई रोज साडेसातला खाली त्यांच्याकडे तुझी सिरियल बघायला जाते. डेली! एक एपिसोड सोडत नाही. मी पण गेले. फोटो आला तर मी म्हटलं, आंटी, हे माझे बाबा आहेत. आणि पर्समधला तुझा फोटो दाखवला. त्यांनी असा हात लावला तोंडाला. म्हणाल्या, 'अगं माय! कधी वारले?' मला वाटलं विचारतायत, नोएडाला कधी शिफ्ट झाले. वारले, म्हणजे वळले, तसं काहीतरी. तर मी म्हटलं, मी थर्डमध्ये होते तेव्हा."

"मग?"

"मग म्हणाल्या, 'एवढ्या लहानपणी!' मी म्हटलं, हो ना, सुरुवातीला रडले मी, मग सवय झाली. तिकडे मोकळी हवा आहे, शांती आहे, फक्त लाइट जाते."

गुणवंत हसायला लागला. हसता हसता तिळगूळ घशात गेला, खोकला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसतच होता. "शांती आहे म्हणालीस?"

"हो! आणि त्या एकदम रडायला लागल्या. मला जवळ घेतलं. यार, काय झालं, सांग ना!"

"वारले म्हणजे मेले, बाई. एक्सपायर. तू मला तिसरीत असतानाच पोचवलंस."

"ओ माय गॉड!" स्वरूपाने उशीत तोंड खुपसलं. पाय झाडून हसली, मग उठली. "म्हणून! म्हणून त्यांनी मला हळदीकुंकवाला बोलावलं आणि आईला नाही बोलावलं! लास्ट इयर तर बोलावलं होतं. आई म्हणाली, माझं डोकं दुखतंय, तू जा. बाबा, फोन दे, मी आत्ता आंटींना सांगते."

तिने रिसीव्हर उचललाही होता. गुणवंतने तिच्या हातावर हात ठेवला. त्याचं हसू कुठे गेलं ते त्यालाही कळलं नाही.

"स्वरू, हेमलताबाईंनी विचारलं तेव्हा आई कुठे होती?"

"तिथेच. किचनच्या दारात. चहा गाळत होती."

"ऐकलं तिने?"

"ऐकलं असेल. समोरच होती."

"मग काय म्हणाली?"

स्वरूपाने आठवून बघितलं. "काही नाही. चहा गाळला."

तुझ्या आईला वारले म्हणजे काय ते माहीत आहे, असं गुणवंतच्या ओठांवर आलं होतं. पण पोरीच्या ते आपलं आपणच लक्षात आलं. तिने रिसीव्हर हळूच खाली ठेवला.

"चेहरा कसा होता तिचा?" गुणवंतने विचारलं.

"नॉर्मल."

"नॉर्मल म्हणजे? भुवई वर? खाली बघत होती? तुझ्याकडे बघितलं?"

"बाबा, मी काय कॅमेरा घेऊन उभी होते? नॉर्मल होता. आईचा असतो तसा."

स्वरूपा गेल्यावर गुणवंत कामावर गेला, शनिवार असून. एडिटिंगच्या मशिनसमोर बसला आणि एकही टेप न लावता बसून राहिला. डोक्यात एकच सीन. दारात प्रमोदिनी, हातात गाळणी. हेमलताबाई विचारतायत, कधी वारले. आता इथे कट पाहिजे, प्रमोदिनीच्या तोंडावर, अगदी जवळून. डोळे भरून आले, तर गोष्ट एक. ओठाच्या कोपऱ्यात हसू, तर गोष्ट दुसरी. आणि 'बरं झालं' असं काही दिसलं, तर तिसरी, ती तर विचारायलाच नको. तीन सुनांचे तीन हजार चेहरे त्याच्याकडे टेपांवर पडले होते. वाटेल तो उचलून वाटेल तिथे लावायचा. आणि चोवीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिचा एक क्लोज-अप डोळ्यांसमोर येईना. यायचा तो लांबून, पाठमोरा.

साधा उपाय होता. नंबर फिरवायचा आणि विचारायचं, तू गप्प का बसलीस. तेवढंच. रविवारी अकराला फोन आला. "जेवण?" "झालं." "तिळगूळ मिळाला?" "मिळाला. कडक आहे." "पाक पुढे गेला." "बरं." "बरं." नाही विचारलं. तिसऱ्या गोष्टीची भीती वाटली त्याला.

ज्यांना सरळ विचारणं जमत नाही ते लोक खोडी काढतात. गुणवंतला सोमवारी सुचली.

जुन्या टेपांत एक वाया गेलेला तुकडा होता. शूटिंगच्या वेळी फोटोचा खिळा सैल झाला होता, आणि आजी नमस्कार करत असतानाच बाबूजींचा हार एका बाजूने सुटून घसरत घसरत खाली पडला होता. आजीचं काम करणारी बाई दचकून "हाय राम" म्हणाली होती. तुकडा फेकून दिलेला. पण सिरियल बघणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. ताट पडलं तर संकट. दिवा गेला तर मरण. आणि मेलेल्याच्या फोटोवरचा हार आपण होऊन पडला तर? तर तो मेलेलाच नाही! हे शाळेत शिकवावं लागत नाही.

गुणवंतने मंगळवारच्या एपिसोडचा शेवट उचकटला. मधल्या सुनेचं रडणं अर्धं कापलं आणि तिथे हार लावला. घसरतोय. आजी दचकली, ढॅण. हार जमिनीवर, ढॅण. आणि फोटोवर, हार नसलेल्या बाबूजींवर, तीन झूम, वरून वीज. चेहरा तोच भुकेला. पण आता बघाल तर वाटेल की हा माणूस दार उघडून आत येणार. टेप चॅनेलला गेली. भसीनसाहेब टेप कधीच बघत नसत, फक्त जाहिरातींच्या जागा बघत.

मंगळवारी तो साडेसातच्या आधी घरी आला आणि फोनशेजारी बसला. सबंध देशासाठी सिरियल होती, पण हा शेवट एका घरासाठी होता, नागपूर, धरमपेठ, तळमजला.

आठला फोन वाजला. गुणवंतने झडप घातली.

"गुणवंत!" भसीनसाहेब. "ये क्या किया तूने? बाबूजी ज़िंदा हैं?"

"साहब, वो गलती से..."

"चॅनल से फ़ोन आया है. पागल हो रहे हैं वो लोग! पूछ रहे हैं, बाबूजी की एंट्री कब है. सुन, बंबई से कोई बड़ा ॲक्टर लाएंगे. ऊंचा, अच्छी शक्ल वाला. तेरी फ़ोटो कल उतरवा देता हूं, नई लगेगी. बुरा मत मानना, यार."

"नहीं जी, बुरा क्या." गुणवंत म्हणाला. म्हणजे जिवंत होणार तो दुसराच कोणीतरी. लाइन अडवू नये म्हणून त्याने घाईने फोन ठेवला.

सव्वाआठला परत वाजला.

"बघितलं," प्रमोदिनी म्हणाली.

मंगळवार होता. मंगळवारी फोन करायची त्यांची पद्धत नव्हती. "मग? कसं वाटलं?"

"झूम जास्त झाले."

"तीनच तर होते."

"एक पुरला असता."

गुणवंत हसला. पलीकडून हसू आलं नाही.

"हेमलताबाई उभ्याच राहिल्या," ती म्हणाली. "हातातल्या शेंगा सांडल्या सगळ्या. 'प्रमोदिनीबाई, जिवंत हायेत!' म्हणून ओरडल्या. देवाला साखर ठेवून आल्या. मी म्हटलं, हो, जिवंत आहेत, ते फोटोचं नुसतं नाटक होतं. मला मिठी मारली त्यांनी. रडल्या. मग खाली बसून शेंगा वेचायला लागल्या. आणि वेचता वेचता थांबून मला म्हणाल्या, 'पण मंग येत काऊन नाही मानूस?'"

गुणवंतकडे उत्तरं तयार होती. यमराजाकडून एनओसी मिळाली नाही, सांग. वरून खाली यायचं रिझर्वेशन फुल आहे, सांग. जिभेपर्यंत आलीही. त्याने ती गिळली.

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? भाजी लागेल म्हणून वर आले."

"त्या दिवशी," गुणवंत म्हणाला, "स्वरू काहीतरी बरळली तेव्हा... तू का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तोंडसुद्धा उघडलं. मग वाटलं, जिवंत आहेत म्हटलं की पुढचा प्रश्न येणार. वारलेल्या माणसाबद्दल पुढचं कोणी विचारत नाही हो. वाटीभर कढी आणून देतात आणि पाठीवरून हात फिरवतात. दोन वर्षांत कोणी फिरवला नव्हता. मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस."

त्याला अपेक्षित होते त्या तिन्ही चेहऱ्यांत हा नव्हता. मशिनवर अशी जागा आली असती तर त्याने काहीतरी भरलं असतं, आजी, ज्योत, वीज, काहीही. आता पलीकडे फक्त कुकरची शिट्टी झाली.

"तू गेलीस त्या दिवशी," तो म्हणाला, "मी स्टेशनवर आलो नाही. एडिट आहे म्हणालो."

"हं."

"एडिट नव्हतं."

"माहीत आहे. स्टेशनवरून मी तुमच्या ऑफिसात फोन केला होता. म्हणाले, आज मशिन बंद आहे, देवस्थळी आलेच नाहीत."

"तुला माहीत होतं? बोलली नाहीस कधी."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." मग तिने विचारलं, "कुठे होतात?"

"इथेच. घरात. बाल्कनीत."

"का?"

"आलो असतो तर जाऊ नको म्हणालो असतो. सगळ्यांसमोर. मोठ्याने."

"मग म्हणायचं होतं," प्रमोदिनी म्हणाली. "मी गेले असतेच. पण ऐकून गेले असते."

गुणवंतने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पहिला कान गरम झाला होता.

"रविवारी येऊ का?" त्याने विचारलं. मग वाक्य पुन्हा सरळ केलं. "रविवारी मला यायचंय."

"रविवारी मी नऊपर्यंत झोपते."

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चोवीस वर्षं ही बाई साडेपाचला उठली होती, सणवार, सुट्टी, आजारपण, काही म्हणून अपवाद नाही. साडेपाचला बाथरूमच्या दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज त्याला झोपेतही ओळखू यायचा.

"कधीपासून?"

"इथे आल्यापासून."

"गाडी सकाळी सहाला पोचते."

पलीकडे कुकरचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"मी स्टेशनवर बसतो नऊपर्यंत," तो म्हणाला.

"साडेनऊ. उठल्याउठल्या मला बोलायला लागत नाही कोणी."

"साडेनऊ."

"तिथला चहा घेऊ नका, नुसता पाक असतो. आणि दार हेमलताबाई उघडतील. किंचाळतील. तिथे गंमत करायची नाही. भूतबीत व्हायचं नाही."

"नाही होत."

"त्यांनी विचारलं ना, येत का नव्हतात, तर ते तुम्ही सांगायचं. मी आता कुणाला काही सांगणार नाही. आणि किती दिवस राहायचं ते आत्ता विचारू नका."

"नाही विचारत."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

गुणवंतने डायरी ओढून 'साडेनऊ' लिहिलं, खाली रेघ मारली आणि बसून राहिला. नऊला, उजेड आलेला असताना, खिडकीचा पडदा तसाच ठेवून झोपलेली प्रमोदिनी. कुशीवर झोपते का उताणी? तोंडावर पांघरूण घेते का? त्याला सांगता येईना. चोवीस वर्षांत तो कधीही उठला तरी ती आधीच उठून गेलेली असायची, आणि रात्री त्याला झोप लागल्यावरच अंथरुणाला टेकायची. झोपलेली त्याने तिला कधी बघितलीच नव्हती.